शिंगावरचं पोळं

सकाळी साडेनऊ वाजता सांगलीच्या गुळाच्या पेठेत अर्जुना गाडीवानाच्या बैलाच्या डाव्या शिंगावरची बेगड कुणी हात न लावता सुरकुतली. साल १९७४. दिवस कर्नाटकी बेंदराचा.

बेगड लावली होती रहिमतपूरच्या जाफरने. बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, सांगलीकडे ज्येष्ठात होतो आणि साताऱ्याकडे महिन्याने, आषाढात. त्यामुळे जाफरला वर्षातून दोन हंगाम मिळत. आधी आगगाडीने सांगलीला यायचं, गुळाच्या गाड्या ओढणाऱ्या बैलांची शिंगं सजवायची, आणि मग परत जाऊन आपल्या गावच्या बैलांची. वर्खाहून जाड नि कागदाहून पातळ असा तो चकचकीत पत्रा शिंगावर बसवणं हे त्याच्या घराण्याचं काम. शिंग काचेने तासायचं, कोमट पाण्याने धुवायचं, त्यावर कणकेची खळ हलक्या हाताने फासायची, बेगड चढवायची आणि कापसाच्या बोळ्याने दाबत दाबत अशी बसवायची की तिच्यात बघून एखाद्याने दाढी करावी. जाफरच्या बापाने त्याला हे काम एका वाक्यात आणि पुष्कळ चापट्यांत शिकवलं होतं. वाक्य असं होतं : "सुरकुती म्हातारीच्या गालाला, बेगडीला न्हाई."

त्या दिवशी घोळ झाला तो खळीचा. जाफर शिंग तासत असताना अर्जुनाच्या दुसऱ्या बैलाने खळीचं पातेलं चाटून लख्ख केलं.

"त्यात काय येवढं?" अर्जुना म्हणाला आणि त्याने अडत्याच्या दुकानातून काकवीचा डबा आणला. "ही घे. आमच्या पेठेत काय बी चिकटवायचं तर काकवी. माज्या पोरीच्या लग्नाच्या पत्रिका काकवीनं बंद केल्या हुत्या."

"मग?"

"मग काय? पावण्यांच्या आदी मुंग्या आल्या."

जाफरने नाइलाजाने काकवी घेतली. तिचा अंदाज नव्हता म्हणून थर जाड बसला. वर बेगड मात्र त्याने नेहमीसारखी चढवली, आरशासारखी. मग बैल उन्हात बांधला आणि तो दुसऱ्या शिंगाकडे वळला.

थोड्या वेळाने पाठीमागे बारीक करकर आवाज झाला. वळून बघतो तर आरसा मोडलेला. शिंगाच्या बुडाशी, जिथे ते नारळासारखं फुगीर असतं, तिथे खळगे पडत होते. एकाला एक लागून, सारख्या मापाचे, सहा कोनांचे. वर शिंग काठीसारखं निमुळतं होत गेलं होतं तिथे खळगे संपून आडव्या वळ्या उठल्या होत्या, हातात बांगड्या भराव्यात तशा. आणि मधल्या बाकावर या दोघांची हद्द ठरत नसल्यासारखी नुसती नागमोडी.

जाफरचा हात आपोआप गालावर गेला. बाप जाऊन आठ वर्षं झाली होती, तरी.

"आगागागा!" अर्जुना ओरडला. "मधाचं पोळं काढलंस की रं गड्या! आरं या, बघा तरी या!"

पेठ लोटली. हमाल पोती टाकून आले. हळदीचा एक व्यापारी अंगभर पिवळा तसाच पळत आला. संध्याकाळी वेशीवर कर तोडायची वेळ झाली, म्हणजे आंब्याच्या पानांचा गवती दोर वेशीत आडवा बांधून बैल त्याखालून पळवायची. तांबड्या बैलाने दोर तोडला तर खरीप पिकतो आणि पांढऱ्याने तोडला तर रब्बी, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब. पण त्या वर्षी सगळी पेठ अर्जुनाच्या बैलाच्या शिंगाकडे बघत राहिली, आणि दोर कोणत्या बैलाने तोडला हे कुणीच पाहिलं नाही. सांगलीच्या गुळाच्या पेठेला त्या साली कोणतं पीक येणार ते कळलंच नाही.

जाफर दुसऱ्या दिवशी रहिमतपूरला उतरला. बातमी त्याच्या आधीच्या गाडीने पोचली होती. फलाटावर नाथाजी उभा होता. नाथाजी त्याचा लहानपणापासूनचा मित्र, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. त्याच्याकडे एक बैलजोडी होती. एकाचं नाव सरदार आणि दुसऱ्याचं सुभेदार. उभी हयात सुभेदारांचे हुकूम ऐकले, आता एक सुभेदार माझा ऐकतो, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

"जाफऱ्या, सांगलीत पोळं काढलंस म्हणं?"

जाफरने खरं सांगायला तोंड उघडलं. पण फलाटावर दहा-पंधरा माणसं गोळा झाली होती. कुणी त्याची पिशवी घेतली, कुणी बिडी पुढे केली. स्टेशनमास्तरसुद्धा खिडकीतून मान बाहेर काढून बघत होते. आजवर जाफर उतरला काय आणि न उतरला काय, कुणाला पत्ता नसे.

"काढलं," जाफर म्हणाला. इथे थांबला असता तरी भागलं असतं. पण तोंडातली बिडी दुसऱ्याने पेटवून दिली की माणूस जास्त बोलतो. "आन् एक काय, म्हणशील तिथं काढीन."

हे वाक्य त्याच्या आधी बाजारात पोचलं. तिथे ते भाऊसोंना भेटलं.

भाऊसो बागायतदार. ऊस चांगला, आवाज मोठा. त्यांचा भाचा मुंबईला प्लास्टिकच्या कारखान्यात होता आणि त्याने मामाकडे यंदाच्या बेंदरासाठी नवा माल पाठवला होता : सोनेरी प्लास्टिकच्या लांब पिशव्या. बैलाच्या शिंगावर मोज्यासारख्या ओढायच्या, बुडाशी रबर. तासणं नको, खळ नको, पुन्हा पुढच्या वर्षी वापरा. अर्ध्या गावाने ते मोजे बघितले होते आणि आवडलेही होते.

"ये ये, कारागीर," भाऊसो जाफरला बघून म्हणाले. "म्हणशील तिथं काढतोस म्हणं पोळं? मग काढ की. बेंदराला ह्या नाथाजीच्या बैलावर काढ. निघालं तर माज्या भाच्याचा माल गावच्या वेशीत येनार न्हाई, ह्यो माजा शबूद. आन् न्हाई निघालं तर बेगडीचं दुकान मोडायचं. त्याच जाग्यावर मोजे विकत बसायचं."

 हे दुकान जाफरच्या आज्याने मांडलं होतं. तो काही बोलणार इतक्यात नाथाजी पुढे झाला.

"मंजूर!"

"आरं, मला इचार की!" जाफर कुजबुजला.

"हल्ला करताना शिपायाला इचारत न्हाईत," नाथाजी म्हणाला.

निकाल नानासोंनी द्यायचा ठरला. नानासो गावातले सगळ्यांत वडील. वेशीतली कर त्यांच्या हाताने बांधली जायची आणि त्यांनी मान हलवल्याशिवाय एकही बैल सुटत नसे. पैज ऐकून त्यांनी एकदाच मान हलवली. ठरलं.

घरी जन्नतबीने, जाफरच्या बायकोने, सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"आवं, पर काढलंत कसं?"

"मी कुटं काढलं? त्येचं त्येच निघालं."

"आस्सं," जन्नतबी म्हणाली. "मग बेंदराला त्यालाच बोलवा. तुमी नका जाऊ."

मग जाफर कामाला लागला. बैल काही हाताशी नव्हता, कारण नाथाजी म्हणाला की लढाईच्या आधी हत्यार दाखवायचं नसतं. म्हणून घरात जे जे गोल होतं त्या सगळ्यावर काकवी आणि बेगड चढली. घागर, तांब्या, दुध्या भोपळा, खलबत्त्याचा बत्ता, एक अंडं, पाटा-वरवंट्यातला वरवंटा. आठवड्याभरात घर असं चमकू लागलं की रस्त्याने जाणारा सायकलवाला डोळ्यांवर हात धरून जाई. पण सुरकुती कशालाच पडेना. आयुष्यभर सुरकुती पडू नये म्हणून जपलेला हात, तो आता पाड म्हटल्यावर ऐकेना. सावलीत ठेवलेली घागर गुळगुळीत राहिली. उन्हात ठेवलेली तापून काकवी पाघळली आणि बेगड घसरून तळाशी जाऊन बसली, ढिल्या विजारीसारखी. सपाट पत्र्यावर लावून पाहिली तर गांडुळं वळवळल्यासारख्या वेड्यावाकड्या रेघा उठल्या, त्यांना ना आकार ना उकार. वरवंट्यावर तर तिने काहीच केलं नाही. जन्नतबीने तो परत मागून घेतला आणि त्या दिवशीची चटणी गोड झाली.

एका दुपारी ती वाटाणे निवडत बसली होती. जाफर समोर डोकं धरून.

"ह्ये बघा," तिने एक वाळला वाटाणा त्याच्या तळहातावर ठेवला. "ओला असताना कसा गोटा हुता. आन् आता?"

"सुरकुतला."

"का सुरकुतला?"

"वाळला म्हनून."

"आतला गर आटला. साल न्हाई आटली. मग येवढी साल तेवढ्या गरावर बसंल कशी? जागा न्हाई. मग कुटं आत जाती, कुटं भाईर येती." तिने वाटाणा परत सुपात टाकला. "तुमची काकवी आटायला पायजे. पर सावकाश. पाघळाय नको. घागर एकतर गार ऱ्हाती न्हाईतर चुलीवानी तापती. बैलाचं शिंग तसं न्हाई."

जाफर उठून उभा राहिला. बैलाच्या शिंगाचं बूड कायम कोमट असतं, हे त्याच्या हाताला ठाऊक होतं. आत रक्त खेळतं. टोकाला गार, बुडाला ऊबदार. डोक्याने मात्र आजवर कधी हाताला विचारलं नव्हतं.

"जितं पायजे," तो म्हणाला. "गोल, टणक, आन् जितं."

दोघांनी एकाच वेळी दाराकडे पाहिलं. दारात चांदसाहेब चाचा बसले होते. जाफरचे चुलते. वय सत्तरीच्या पुढे, कान तिखट, आणि डोक्यावर एक केस नाही. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती आणि उन्हात ते डोकं घागरीला लाजवत होतं.

"न्हाई," चाचा मागे न बघता म्हणाले.

"आमी काय म्हनलोच न्हाई, चाचा."

"मी ऐकलं सगळं. बैल न्हाई गावला तर चाचा."  मग मान वळवून म्हणाले, "का रं, माजं डोकं काय त्या बैलापरीस कमी हाय व्हय?"

"न्हाई चाचा," जन्नतबी म्हणाली, "कुटं कुटं जास्तच हाय."

चाचांनी हे कौतुक म्हणून घेतलं आणि डोकं पुढे केलं.

जाफरने काकवी लावली, बेगड चढवली, बोळ्याने दाबली. चाचा दारात उन्हाकडे पाठ करून बसले आणि हलायचं नाही म्हणून श्वाससुद्धा मोजून घेऊ लागले. जन्नतबी मागे उभी राहून बघत होती. जाफरला बघवत नव्हतं.

"आलं का?" चाचांनी विचारलं.

"न्हाई."

"आता?"

"बोलू नका चाचा, कपाळ हलतंय."

आणि मग तोच आवाज झाला. करकर. टाळूवर मधोमध एक खळगा बसला. त्याला लागून दुसरा. मग भराभरा, पातेल्यात भाताला भोकं पडावीत तसे, एकापाठोपाठ एक. टाळूवर सहा कोनांची घरं. कानांच्या वर, जिथे डोकं सपाट होत जातं तिथे घरं मोडून लांब रेघा झाल्या. आणि मानेकडे उतरताना आडव्या वळ्या. जाफर चाचांच्या भोवती नाचू लागला. जन्नतबीने पदर तोंडात कोंबला, तरी हसू कानांतून बाहेर येत होतं.

"आरसा आना," चाचा म्हणाले. आरशात बघून त्यांनी मान आधी डावीकडे वळवली, मग उजवीकडे. मग म्हणाले, "निकाहाच्या दिवशी बी येवढं झकास दिसलो न्हवतो."

ते उठून बाजारात गेले. जाफर नको नको म्हणत होता. पार पेठेतून, पोस्टावरून, सोनाराच्या दुकानावरून, शाळेवरून जाऊन आले. नाथाजीने भर रस्त्यात टाचा जुळवून सलाम ठोकला. शाळेतले पाढे मधेच थांबले. भाऊसो पानाच्या ठेल्यावर उभे होते, त्यांनी पान तोंडात घालायचं सोडून कानाजवळ नेलं. घरी आल्यावर चाचांनी डोकं धुवायला साफ नकार दिला. तो प्रश्न मुंग्यांनी सोडवला. तिसऱ्या प्रहरी चाचा विहिरीकडे पळताना दिसले, आणि त्यांच्या वयाच्या माणसाला कुणी इतकं जोरात पळताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते आपणहून परत आले. "आज पातळ लाव," म्हणाले. पातळ थर लावला तर घरं बारीक आली, तिळाएवढी. जाड लावला तर मोठी, चिंचोक्याएवढी. चाचांचं डोकं आठ दिवस कामाला होतं. बेंदूर दोन दिवसांवर आला तेव्हा जाफरला सगळं कळलं होतं : थर किती, ऊब किती, पोळं कुठे आणि बांगड्या कुठे. रस्त्याने जाताना तो आता शीळ घालू लागला होता.

आभाळाला मात्र कुणी विचारलं नव्हतं.

बेंदराच्या सकाळी ऊन नव्हतं. हवा ओल्या घोंगडीसारखी. जाफरने सरदार आणि सुभेदारच्या चारी शिंगांवर काकवी लावली, बेगड चढवली आणि वाट बघत बसला. दुपार झाली. बेगड गुळगुळीत. इतकी सुरेख, इतकी निर्दोष त्याने आयुष्यात कधी बसवली नव्हती. बाप असता तर पहिल्यांदा पाठ थोपटली असती.

नाथाजीच्या अंगणात गर्दी जमली. भाऊसोंचे बैल सोनेरी मोजे घालून रस्त्यावर उभे होते आणि भाऊसो स्वतः फाटकाशी.

"जाफर, वस्तरा आनू का?" भाऊसो म्हणाले. "शिंगात बघून दाढी तरी करून घिऊ."

माणसं हसली. जन्मभर जो कौतुकाचा शब्द होता, त्याच शब्दाने जाफरचं तोंड उतरलं. जन्नतबीने वीट तापवून फडक्यात गुंडाळून आणली आणि सुभेदारच्या शिंगाला शेक द्यायला गेली. सुभेदारने अशी मान झटकली की वीट भाऊसोंच्या पायाजवळ जाऊन पडली.

"ही म्हातारीची औषधं नकोत," नाथाजी एकदम म्हणाला. "जवान गारठला तर काय करत्यात ठावं हाय? पळवत्यात!"

"कुटं?"

"गावाला येढा. डबल मार्च!"

आणि त्याने दोन्ही कासरे हातात घेऊन आरोळी ठोकली. सरदार आणि सुभेदार अंगणातून सुटले. नाथाजी त्यांच्या बरोबर, जाफर शिंगाच्या बरोबर, चाचा टोपी हातात धरून मागे, आणि त्यांच्या मागे गाव. देवळामागून, कुंभारवाड्यातून, पुन्हा पेठेत. बैलांची पाठ वाफाळली. जाफर पळता पळता एक बोट सरदारच्या शिंगाच्या बुडाला लावून बघत होता. कोमट. अजून कोमट. ऊन.

"आलं!" तो ओरडला. "नाथाजी, एक घर आलं!"

"मोजत ऱ्हा!"

"दुसरं! आयला, तिसरं! सुभेदारला बी आलं! बांगड्या आल्या, बांगड्या!"

मागचे लोक हे पुढच्यांकडून ऐकत आणि त्याच्या मागच्यांना सांगत. शेपटापर्यंत जाईतो "पोळं आलं"चं "मधमाश्या आल्या" झालं होतं आणि शेवटचे काही लोक डोक्यावर पंचा घेऊन उलट दिशेने पळत होते.

चुकलं ते वेशीपाशी. तिथे कर नानासोंनी सकाळीच बांधून ठेवली होती. हलगीवाले शेजारी बसून हलगी शेकत होते. एवढा गाव पळत येताना पाहून त्यांना वाटलं, मिरवणूकच निघाली, आपल्याला उशीर झाला. त्यांनी हलगी कडाडली. बेंदराला हलगी वाजली की वेशीतून सुटायचं, एवढंच बैलाला माहीत. नाथाजीच्या हातातून कासरे निघाले. सरदार आणि सुभेदार एकदमच दोराखाली शिरले, आंब्याची पानं उडाली आणि कर तुटली. नानासो तिथे नव्हते. कुणीही मान हलवली नव्हती.

 हलगी थांबली.

वेशीबाहेर बैल दमून थांबले होते. तापल्या काकवीचा वास सुटला होता. सुभेदारने सरदारचं उजवं शिंग हुंगलं आणि एका चाटण्यात बेगडीसकट साफ केलं. सरदारने मोठ्या मनाने सुभेदारची दोन्ही केली. सुभेदारची जीभ सरदारच्या डाव्या शिंगाकडे वळली, तेवढ्यात जन्नतबी पोचली. तिने दोन्ही हातांनी वेसण धरली आणि बैलाला असं काही सुनावलं की तो मागे सरला. चारांतलं एक शिंग वाचलं. त्यावर बुडापासून टोकापर्यंत सगळं होतं : पोळं, नागमोडी, बांगड्या. सांगलीपेक्षा सरस.

"एक शिंग!" भाऊसो दम खात आले. "पैज बैलाची हुती, एका शिंगाची न्हवं!"

"बाकीची सुभेदारानं आन् सरदारानं खाल्ली," नाथाजी म्हणाला. "पुरावा पोटात हाय."

"आन् ह्ये काढलं कुनी? जाफरनं का तुज्या पळापळीनं?"

"तुमी तुमचं बैल पळवून बघा की, मोज्याला काय येतंय का!"

तंटा मिटवायला नानासोच हवे होते. ते सकाळी औंधाला यमाईच्या दर्शनाला गेले होते आणि दुपारच्या एस.टी.ने परत येत होते. पण गावाबाहेर एका सायकलवाल्याने गाडी थांबवून त्यांना खबर दिली की कर तुटली. नानासो तिथेच उतरले, रस्ता ओलांडून पलीकडे उभे राहिले आणि औंधाला जाणारी गाडी धरून परत गेले. जाताना सायकलवाल्यापाशी निरोप ठेवला : "माज्याबिगर कर तोडता, तर निकाल बी तुमचा तुमी लावा."

पण निकाल दुसऱ्या कुणी लावायला ना भाऊसो तयार होते ना नाथाजी. तेव्हा नानासोंचा राग उतरेपर्यंत ते शिंग आहे तसं ठेवायचं, असं ठरलं. सरदारला नाथाजीच्या गोठ्यात बांधलं, सुभेदारला तिथून दूर. दोन्ही बाजूंची माणसं राखणीला बसली.

मग नवीनच अडचण निघाली. गोठ्यात ओल आली की काकवी ओल पिऊन फुगायची आणि घरं मऊ पडून बसू लागायची. ऊब दिली की पुन्हा उठायची. हे दोन्ही बाजूंना एकाच दिवशी कळलं. जन्नतबीने गोठ्याच्या कोपऱ्यात शेणीचा विस्तव ठेवला, डास फार झालेत म्हणून. भाऊसोंच्या माणसाने दारात बादलीभर पाणी मारलं, धूळ फार उडते म्हणून. तिने दुसरी शेणी टाकली. त्याने ओली पोती आणून चौकटीला टांगली, बैलाला उकडतंय म्हणून. दिवसभर गोठ्यात एक बाई वारा घालते आहे, एक माणूस पाणी शिंपडतो आहे, दोघं एकमेकांची अगदी आदराने विचारपूस करताहेत आणि मधे सरदार रवंथ करतो आहे. त्याच्या शिंगावरचं पोळं श्वास घेतल्यासारखं वर येतंय, खाली जातंय. बघायला कोरेगावाहून माणसं आली.

जाफर दुकानात बसत नाही. दुकान उघडतो, गल्ल्यावर फडकं मारतो आणि गोठ्यात येऊन शिंगासमोर उकिडवा बसतो. काल कुणीतरी त्याच्या दुकानाच्या फळीवर सोनेरी मोज्यांचा एक जोड आणून ठेवला. त्याने तो टाकलाही नाही आणि आतही घेतला नाही. "हितं पोळं हाय तवर दुकान माजं," एवढंच तो जन्नतबीला म्हणाला.

"आन् पोळं बसलं तर?"

"तर काय? बैल पळवायचा."

"आन् पुन्ना कर तुटली तर?"

यावर दोघंही इतकी हसली की भाऊसोंचा माणूस बादली ठेवून काय झालं ते बघायला आला.

नानासोंना आणायला औंधाला दोघं गेले आहेत, भाऊसो आणि चांदसाहेब चाचा, एकाच गाडीने. एकमेकांवर विश्वास नाही म्हणून एकाच खोलीत उतरले आहेत. तिथून आलेल्या माणसाने सांगितलं की नानासो अजून हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. फक्त एकदा विचारलं, "ऱ्हायलंय का अजून?"

आज दुपारी बारा वाजता सरदारच्या डाव्या शिंगावरची बुडाकडची घरं शाबूत होती. कानाजवळचं एक सकाळी बसलं ते शेणी टाकूनही उठलेलं नाही. आभाळ भरलेलं आहे. औंधाची दुपारची एस.टी. येऊन गेली. तिच्यातून नानासो उतरले नाहीत. संध्याकाळची अजून यायची आहे.